मेलो तर का मेलो ते कळलं पाहिजे: ॲक्शन गेम चांगला कशानं होतो?

कापूसकोंडा (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

दिग्रसला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. गार्ड बदलायला फोन हातात घेतला की कोण काय खेळतो ते न विचारता समजतं. डाव्या खालच्या कोपऱ्यात गोल घासलेलं आणि उजवीकडे एकाच जागी बोटाचा ठसा, म्हणजे गडी शूटरवाला, बंदुकीचे गेम खेळणारा. आणि तक्रारही ठरलेली: "भाऊ, फोन हँग मारून राहिला, म्हणून मी मरतो." फोन उघडून पाहिला तर बरेचदा त्यात काहीच नसतं. पोट्ट्याला आपण मेलो कशानं हेच माहीत नसतं, म्हणून तो फोनवर ढकलतो.

तर माझं मत आधीच सांगून टाकतो, मग काय भांडायचं ते भांडा. ज्या ॲक्शन गेममध्ये मेल्याबरोबर का मेलो ते कळतं, तो चांगला. ग्राफिक्स, स्टोरी, बंदुका किती, नकाशा केवढा, हे सगळं त्याच्या मागून.

कॉन्ट्रा घ्या. कोनामीचा गेम, नाणं टाकून खेळायच्या मशीनवर १९८७ मध्ये आला, आणि आपल्याकडे कॅसेटच्या नकली टीव्ही गेममधून खेडोपाडी पोचला. एक गोळी लागली की गेला, लाईफ फक्त तीन. इतका निर्दय, तरी "ही चीटिंग आहे" असं त्याला कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. कारण गोळी ठळक आणि हळू. येताना दिसते. उडी चुकली हे गोळी लागायच्या आधीच आपल्याला कळलेलं असतं. आणि ती धबधब्याची लेव्हल आठवा. दोघं खेळत असले आणि वरचा घाईनं चढत सुटला, तर पडदा वर सरकतो आणि खालचा फुकट मरतो. भावाभावात मारामारी व्हायची, पण गुन्हेगार कोण ह्यावर कधी वाद नव्हता. मी तर म्हणतो हे डिझाइनचं सगळ्यात मोठं सर्टिफिकेट.

आता उलट बाजू. ऑनलाइन शूटरमध्ये मी भिंतीच्या आड जातो, पुरता आड जातो, आणि तिथं मरतो. हे काय आहे? आणि काही मोबाईल गेम तर असे की मेल्यावर चूक दाखवायच्या ऐवजी दुकान उघडून दाखवतात: ही बंदूक घ्या, मार वाढेल. नाव घेत नाही, खेळणाऱ्यांना माहीत आहे.

बोला.

तर्रीपोहा

काऊन बे कापूसकोंड्या, तुले मरायचं कारन पायजे? मले त मेल्यावर लाईन गेली का टॉवर गेला हेच समजत नाई. वारा सुटला का लाईन जाते, लाईन गेली का टॉवर जाते.

पन मी काय म्हंतो, पब्जी कोनी डिझाइन पाऊन खेयलं का? २०१८ मंधी थो मोबाईलवर आला. चार पोट्टे पारावर बसले का एकच कालवा. एक म्हने "मले उचल, मले उचल", दुसरा म्हने "मी त जीप घेऊन चाल्लो". जीव थ्यात होता. सप्टेंबर २०२० मंधी बंद झाला त पार सुना पडला. मंग २०२१ मंधी बीजीएमआय म्हनून वापस आला, रगत हिरवं. कोनाचं काई अडलं का? नाई. संगत चांगली पायजे, गेम कोनताबी चालते.

आन गेममंधी संडासात दार लावून लपून बसनाऱ्याले काय म्हनाल तुमी? थो डिझाइनचा दोष का संस्काराचा?

शकुंतला पॅसेंजर

कॉन्ट्राचं कौतुक चाललंय तर मुस्तफाचंही होऊ द्या. खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉमचा, १९९३ चा. हिरो चार होते, पण धावत येऊन लाथ घालणाऱ्या मुस्तफानं आपल्याकडे गेमचं नावच खाऊन टाकलं. आमच्या मूर्तिजापुरात "कॅडिलॅक्स" म्हटलं असतं तर मशीनवाल्यानं औषधाच्या दुकानात पाठवलं असतं.

पण कापूसकोंडा भाऊ, तुमच्या मांडणीत एक मोठं भोक आहे. मेल्यावर दुकान उघडणं हे मोबाईलचं पाप म्हणता. मशीनवर काय वेगळं होतं? मेलं की पडद्यावर उलटे आकडे सुरू, नऊ, आठ, सात, आणि शून्य व्हायच्या आत रुपया टाका. ते दुकानच होतं हो, फक्त पत्र्याचं. अशा मशीनवर गेम किती अवघड ठेवायचा ते मालकाला आतल्या सेटिंगमधून ठरवता यायचं. एका रुपयात बॉस, म्हणजे लेव्हलच्या शेवटचा दांडगा शत्रू, पडावा अशी त्याची ताकद ठेवलेलीच नसायची. तीन जण तिन्ही बाजूंनी अंगावर आले की कोणाची लाथ कुठून बसली ते काय कळणार? ज्याच्या बापाचं जिनिंग होतं तो शेवटपर्यंत पोचायचा. आम्ही मागे उभे राहून सल्ले द्यायचो.

तो कठीणपणा गल्ल्यासाठी होता. आपण लहान होतो म्हणून तो न्याय वाटला.

कापूसकोंडा

शकुंतला भाऊ, गल्ला होताच, नाही कोण म्हणतं. पण रुपया टाकल्यावर मुस्तफाची लाथ जास्त जोरात बसत नव्हती. रुपया टाकून तुम्ही वेळ विकत घ्यायचे. जिनिंगवाल्याचा पोरगा आणि मी, दोघांचा मुस्तफा एकच. माझा एका रुपयात दुसऱ्या बॉसपर्यंत गेला तर मागे उभी असलेली गर्दी माझं नाव घ्यायची, त्याचं नाही.

आज कपडे विका, नाच विका, बंदुकीला सोन्याचा रंग विका, माझी हरकत नाही. बंदुकीचा मार वाढवून विकला, की "मी का मेलो" ह्याचं उत्तर "तू गरीब आहेस म्हणून" असं होतं. फरक तिथं आहे.

दाताळा रोड

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. नाही, खर्रा.

संत्राबर्फी

नमस्कार. धाग्यावर सगळे भाऊच दिसतात, म्हणून वरूडहून एका वहिनीची हजेरी. मी दिराच्या जुन्या लॅपटॉपवर खेळते. दुपारी, नाहीतर रात्री सगळं आवरल्यावर.

तुमच्यापैकी कोणीच पॉजबद्दल बोललं नाही, आणि का नाही बोललं तेही मला कळतं. तुम्ही खेळत असताना तुम्हाला कोणी उठवत नाही. मला सासूबाई हाक मारतात, कुकर होतो, नळ येतो. डार्क सोल्स नावाचा २०११ चा गेम आहे, जगभर ज्याची आरती चालते. त्यात पॉज नाही. मेनू उघडला तरी शत्रू आपला चालतच येतो. लोक सांगतात, तेच तर त्याचं सौंदर्य, भीती टिकून राहते. बरं. मग त्याच फ्रॉमसॉफ्टवेअरचा २०१९ चा सेकिरो बघा. तो माझ्या मते जास्त कठीण आहे, आणि त्यात पॉज आहे. भीती कुठं गेली का? पॉज दिल्यानं गेम सोपा होत नाही. फक्त घर सांभाळणारी बाई तो खेळू शकते.

तसंच सेव्हचं. २००० सालचा आयजीआय, शत्रूच्या तळात एकट्यानं शिरायचा शूटर, तुम्ही सगळ्यांनी खेळला असेल. मिशनच्या मध्ये सेव्ह नाही. सगळा तळ साफ करत शेवटच्या शिडीपर्यंत जायचं आणि लाईन गेली की पहिल्या कुंपणापासून परत. इथं "का मेलो" ते मला नीट कळतंय, कापूसकोंडा दादा. कळून काय करू? तुमच्या नियमाला माझी पुरवणी घ्या: मेल्यावर त्याच जागी परत यायला किती वेळ लागतो, ते बघा. चूक समजली आणि दुरुस्त करायला अर्ध्या तासानं मिळाली, तर शिकणार काय?

हेडीस मला म्हणून आवडला. २०२० चा. त्यात मरणं हीच गोष्ट पुढे नेते, घरी परतलं की प्रत्येक जण नवीन काही बोलतो. आणि गॉड मोड नावाची सवलत लावली तर सुरुवातीला मार २० टक्के कमी लागतो, पुढे प्रत्येक मरणागणिक २ टक्के आणखी कमी, ८० पर्यंत. कोणाला सांगायची गरज नाही, कोणी हसत नाही. काही लोक ह्याला फसवणूक म्हणतात. त्यांनी एकदा आमच्या घरी येऊन, दोन लेकरं खेळवत, तलवार चालवून दाखवावी.

बगपकड्या

वहिनी, पॉजच्या मुद्द्याला दंडवत.

मी मूळचा वणीचा, सध्या पुण्यात गेम टेस्टिंग करतो. कंपनीचं नाव विचारू नका. धाग्यात मूळ प्रश्न होता की भिंतीआड गेल्यावर माणूस मरतो कसा, त्याचं उत्तर देतो, कारण ते कोणी सांगत नाही आणि सगळे फोनला शिव्या देतात.

तुमच्या पडद्यावर जे दिसतं ते सर्व्हरपर्यंत, म्हणजे सगळ्यांचा खेळ चालवणाऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरपर्यंत, पोचायला वेळ लागतो. समोरच्याच्या पडद्यावरही तुम्ही थोडे जुनेच दिसता. आता त्यानं नेम धरून गोळी झाडली, तर ती लागली की नाही हे ठरवायचं कसं? बऱ्याच ऑनलाइन शूटरमध्ये सर्व्हर घड्याळ मागे फिरवतो आणि बघतो, की ह्या माणसानं ट्रिगर दाबला तेव्हा त्याला काय दिसत होतं. त्याला तुम्ही भिंतीबाहेर दिसत होता. म्हणजे गोळी लागली. ही बातमी तुमच्यापर्यंत येईस्तोवर तुम्ही आपल्या पडद्यावर भिंतीआड पोचलेले असता. मेलात आधीच, तार उशिरा आली. हे मुद्दाम केलंय, नाहीतर मंद नेटवाल्याला प्रत्येक वेळी नेम धावणाऱ्याच्या पुढे धरावा लागला असता. कोणावर तरी अन्याय होणारच होता. त्यांनी तो लपणाऱ्यावर टाकला.

म्हणून आपल्याकडच्या नेटवर खेळायचं तर कोपऱ्यावर उभं राहून वाट बघणं हा तोट्याचा धंदा. जो कोपऱ्यातून झपकन बाहेर येतो त्याला तुम्ही आधी दिसता, तुम्हाला तो नंतर. तर्रीपोहा, तुझ्या संडासवाल्याचाही हाच तोटा आहे, त्याला सांगू नको. तसा लपणाऱ्यांवर उपाय म्हणूनच पब्जीत ते निळं वर्तुळ आकसत येतं, बाहेर राहिला तो मरतो. पहिला नकाशा आठ बाय आठ किलोमीटर आणि माणसं शंभर. वर्तुळ काढून टाका, कोणी कोणाला भेटायचं नाही. डूम ह्या राक्षस मारायच्या शूटरच्या २०१६ च्या आवृत्तीत ह्याच दुखण्यावर दुसरं औषध आहे: अर्धमेल्या राक्षसाजवळ जाऊन त्याला हातानं संपवला की तुमचा जीव भरतो. जीव कमी झाला की लपायचं ही आपली सवय, आणि तो गेम म्हणतो पुढे जा. त्यातच शत्रूंना हल्ल्याचे टोकन वाटलेले असतात. दहा राक्षस दिसले तरी एका वेळी मोजक्यांनाच हल्ल्याची परवानगी. शकुंतला भाऊ, तुमच्या तीन बाजूंच्या लाथांची तक्रार तिथं ऐकली गेली आहे.

आता कापूसकोंडा, तुमच्या नियमाबद्दल. अर्धा मान्य. पाहून बोट हलवायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणून बॉसनं हात उगारणं त्याहून जास्त वेळ दिसलं पाहिजे. तो वेळ चोरला की गेम अन्यायाचा. इथपर्यंत तुम्ही म्हणता तेच.

पण चांगले गेम खोटंही बोलतात. सेलेस्ट ह्या डोंगर चढायच्या गेममध्ये (२०१८) पोरगी कड्यावरून पुढे गेलेली असते, पायाखाली जमीन नसते, तरी काही फ्रेमपर्यंत (फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक चित्र) उडी लागू पडते. रेसिडेंट ईव्हिल ४ (२००५) तर तुम्ही वारंवार मेलात की गुपचूप हलका होतो. तुम्हाला वाटतं आपण सुधारलो. ठोसा बसला की दोघंही खेळाडू क्षणभर गोठतात, स्ट्रीट फायटरमध्ये नीट बघा. ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम म्हणजे साधारण १६.७ मिलिसेकंद, असे थोडेच फ्रेम. तेवढ्यानं ठोशाला वजन येतं. काढून टाकलं तर हवेत हात फिरवल्यासारखं वाटतं, आणि टेस्टर लिहितो "मजा नाही", कारण त्यालाही नेमकं बोट ठेवता येत नाही.

म्हणजे मेलो कशानं हे दाखवणाऱ्या ह्याच गेमांनी वाचलो कशानं हे लपवलंय. त्यावर काय म्हणता?

झुणका_नको_वडा

सगळे बटणांवर अडकलेत. स्टोरी नावाची गोष्ट असते. प्रिन्स ऑफ पर्शिया, १९८९. एक तास, एक राजकन्या, बस्स. बनवणाऱ्यानं आपल्या भावाला पळायला-उड्या मारायला लावून त्याच्या व्हिडिओवरून राजपुत्राची चाल काढली होती, म्हणून आजही तो माणसासारखा पळतो.

कापूसकोंडा

झुणका भाऊ, तो तास हेच तर डिझाइन आहे! तासाचं घड्याळ काढा आणि तुमची स्टोरी सांगा.

बगपकड्या, तुमच्या प्रश्नानं दोन दिवस डोकं खाल्लं. उत्तर असं: माझ्या बाजूनं बोललेलं खोटं मला चालतं, जोवर त्यानं मला खेळात ठेवलं तोवर. कड्यावरून उडी लागू पडली तर गेम माझ्या मनातलं ऐकतोय, बोटाचा उशीर माफ करतोय. पण पब्जीसारख्या बॅटल रॉयलमध्ये, म्हणजे शेवटी उरेल तो जिंकला अशा गेममध्ये, सुरुवातीचे सामने बॉटनं, कॉम्प्युटरच्या खोट्या खेळाडूंनी, भरलेले असतात, बरोबर? नवं पोट्टं धडाधड दहा मारतं आणि त्याला वाटतं आपण शेर. मग खरी माणसं भेटली की माझ्या काउंटरवर येतं, फोन हँग मारतो म्हणून. हे खोटं त्याला शिकवत काही नाही, फक्त चिकटवून ठेवतं. तेव्हा नियम दोन्हीकडून लावा. जिंकलो तर तेही कशानं ते कळलं पाहिजे. रेसिडेंट ईव्हिलचं मला अजून ठरवता येत नाही. मी तो खेळलोय आणि आवडला होता, आता तुम्ही सांगितल्यावर जरा कडू लागतोय.

वहिनींची पुरवणी मंजूर. आयजीआयबद्दल मात्र माझं मन द्विधा आहे. सेव्ह नव्हता म्हणूनच त्या कुंपणाजवळ पोटात गोळा यायचा.

संत्राबर्फी

दादा, तो गोळा तुमच्या पोटात यायचा कारण तुमच्याकडे अख्खी रात्र असायची. माझ्याकडे वीस मिनिटं.

काळी_माती

वाचतोय, मजा येतेय. माझं दुखणं वेगळं आहे. ह्या सगळ्या गेमांत आपलं काय? पुण्याच्या नॉडिंग हेड्सनी २०२० मध्ये राजी नावाचा गेम आणला, राजस्थानी महाल, दुर्गेचा त्रिशूळ, भाऊ शोधायला निघालेली मुलगी. छाती भरून आली. तसा आपल्या विदर्भाचा एखादा का नसावा? टिपेश्वरचा वाघ, मेळघाट, गाविलगड.

बगपकड्या

राजी दिसायला अप्रतिम, वाद नाही. पण तलवार बसते तेव्हा वजन जाणवत नाही, आणि गोष्ट रंगात आली की संपते. छोट्या टीमनं एवढं केलं हेच खूप, पण छाती भरून येणं आणि अंगठा सुखावणं वेगळं.

वाघ नको. वाघ मारायचा गेम करणार आहात का? गाविलगड मात्र कोणी मनावर घेतला तर लेव्हल तयारच आहे. डिसेंबर १८०३, इंग्रज सेनापती वेलस्लीची फौज. बाहेरच्या किल्ल्याचा तट तोफांनी फोडून आत शिरले, आणि समोर बघतात तर आतला किल्ला तसाच उभा, त्याचा दरवाजा बंद. अरुंद वाटेवर गर्दी अडकली. शेवटी एक तुकडी शिड्या लावून बाजूच्या भिंतीवरून चढली आणि आतून दार उघडलं. पहिला दरवाजा जिंकल्यावर खेळाडूला वाटतं झालं, आणि तिथंच खरा खेळ सुरू होतो. असा टप्पा कागदावर आखायला आमच्याकडे महिने जातात. तिथं डोंगरानंच आखून ठेवलाय.

शकुंतला पॅसेंजर

आणि आपण खेळायचं कोणाकडून? इंग्रजांकडून शिडी लावायची?

काळी_माती

आतून. किल्लेदाराच्या बाजूनं.

शकुंतला पॅसेंजर

मग शेवट ठरलेला आहे. कितीही चांगलं खेळा, किल्ला पडतो.

कापूसकोंडा

पडू द्या ना. किती वेळ धरला, किती माणसं मागच्या वाटेनं सुखरूप बाहेर काढली, ह्यावर मोजा. भिंतीवर शिडी लागायची ती जागा आधी दिसली पाहिजे, आणि माझ्याकडे माणसं कमी असल्यानं मी तिथं कोणाला ठेवलं नाही हे मला ठाऊक असलं पाहिजे. मग पडला तरी मी फोनवर ढकलणार नाही.

तर्रीपोहा

हे सबन बराबर हाय. पन पयले सांगा, थ्या गेमले नेट लागन का? नाईतर मिनी मिलिशियावानी हॉटस्पॉटवर होऊन जाऊ द्या. आमच्या पारावर पाच जनाचे फोन हाय, थ्यातले दोन कापूसकोंड्यानंच अर्धे खोलून ठेवले.

कापूसकोंडा

एकाचा डिस्प्ले अकोल्याहून यायचा आहे. सोमवारी घेऊन जा.